आधी बूट, मग कटर



दिवाळी सरली की कूपकटाई सुरू होईल. आधी कुऱ्हाड आणि आरा होता, आता ठेकेदार कटर मशीन आणतो. मशीन त्याची, पण तिच्यापुढे उभा पाय आपल्या पोराचा, आणि त्या पायात रबरी चप्पल.

मागच्या हंगामात आमच्या शेजारच्या गावातल्या एका पोराचा डावा पाय असाच चिरला. फांद्या छाटताना मशीन उसळली. मुकादम म्हणाला, "लक्ष कुठं होतं तुझं?" दवाखान्याचा खर्च घरच्यांनी शेळ्या विकून केला. हजेरीपटावर त्याचं नावच नव्हतं. मशीनमध्ये घालायला तेल आहे, पायात घालायला बूट नाही, हा कुठला न्याय?

यंदा बूट मागायचे. पण मागताना फसू नका. साधा गमबूट चिखलापुरता, साखळी त्यातून आरपार जाते. लोखंडी टोपीचा बूट फक्त बोटं वाचवतो, वरचा पंजा उघडाच. कटरच्या खास बुटात पुढून चिवट धाग्यांचे थर असतात. साखळी लागली की धागे ओढले जाऊन मशीनच्या चाकात गुंततात आणि साखळी अडते. अशा बुटावर कटरचे चित्र व वर्ग छापलेला असतो. वर्ग 1 म्हणजे सेकंदाला 20 मीटर धावणाऱ्या साखळीपर्यंत, 2 म्हणजे 24, 3 म्हणजे 28. तरी बूट घातला म्हणून बेफिकीर राहू नका. एकदा साखळी लागलेला बूट पुन्हा कामाचा नाही.

आपण अनवाणी वाढलो, आपले पंजे रुंद. म्हणून सगळ्यांना एकच माप चालणार नाही. संध्याकाळी, पाय सुजलेले असताना, जाड मोजे घालून बूट बघा. बोटं पसरली पाहिजेत, टाच उचलता कामा नये.

नवा बूट चावतोच. म्हणून तर आपली पोरं दुसऱ्या दिवशी तो झाडाला टांगून चप्पल घालतात. असं करू नका. पहिले दिवस तासभर घरी, शेतात घाला, मग अर्धा दिवस, मग कूपात. भिजला तर चुलीजवळ ठेवू नका, चामडं तडकतं. सावलीत वाळवा.

आमचे म्हणणे सरळ आहे. बूट हे कामाचे हत्यार आहे, मजुरीतून कापायचे नाही. काम सुरू व्हायच्या 15 दिवस आधी मिळाले पाहिजेत. प्रत्येकाचे नाव हजेरीपटावर पाहिजे. नुकसानभरपाईच्या कायद्यात झाडतोडीचे काम येते, पण कामावर होतो याचा पुरावा आपल्याला लागतो.

जंगल कामगार सोसायटीत तर सभासद आपणच. तिथे दुसऱ्याकडे बोट दाखवता येणार नाही. येत्या बैठकीत ठराव घ्या: बूट नाही, तर कटर नाही.

जंगल आपलं म्हणून आपण लढतो. त्या जंगलात चालायला पाय शाबूत पाहिजेत.

जिंदाबाद!