भाषण की पाठांतर?

१७ सप्टेंबरची, मुक्तिसंग्राम दिनाची शाळेतली भाषणं ऐकलीत का? 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग...' इथपासून शेवटच्या 'जय हिंद'पर्यंत सगळ्यांचं सारखंच! लिहिलेलं गुरुजींनी, घोकलेलं पोरानं. याला मी भाषण म्हणत नाही.

देश १५ ऑगस्ट १९४७ला स्वतंत्र झाला, आपला मराठवाडा १३ महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९४८ला. निजामाचा अंमल आठवणारे म्हातारे आपल्या हसनाबाद-भोकरदनकडे आता मोजकेच उरलेत. त्यांनी सांगितलेली एकच गोष्ट पोरानं आपल्या शब्दांत सांगितली, तर अडखळत का होईना, सभा कान देऊन ऐकते.

तेव्हा गुरुजी, भाषण लिहून देऊ नका. प्रश्न लिहून द्या: बातमी गावात कशी आली? रझाकारांची भीती कशी होती? पुढच्या सप्टेंबरला सांगायला कोण असेल, कोण जाणे!