रक्त कोणाच्या खात्यावर?

रक्तदानाचे शिबिर आटोपले की दात्याच्या हाती बिस्किटांचा पुडा, प्रमाणपत्र आणि एक लहानसे कार्ड पडते. प्रमाणपत्राला चौकट लाभते. कार्ड मात्र बहुधा कपाटातल्या कागदांत गडप होते. वस्तुतः तिन्हींपैकी पैशांत मोजता येईल असे मोल त्या कार्डालाच आहे. ज्या रक्तपेढीने रक्त घेतले तिच्याकडून ठरावीक मुदतीत, बहुतेक ठिकाणी वर्षभरात, दात्याला रक्त लागले तर एक पिशवी सेवाशुल्काविना वा सवलतीने मिळावी, निदान बदली रक्तदाता उभा करण्याची अट पडू नये, असा त्याचा आशय असतो. कुटुंबीयांना हा लाभ आहे की नाही, मुदत किती, सवलत किती, हे रक्तपेढीगणिक बदलते. हे तपशील दात्याला सांगण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही आणि ते विचारून घेण्याचे शिबिराच्या आयोजकांनाही सुचत नाही.

ही सवलत क्षुल्लक नाही. भारतात रक्त विकता येत नाही. परंतु रक्तावर केलेल्या प्रक्रियेचे शुल्क आकारता येते. २०२२ साली राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने तांबड्या पेशींच्या एका पिशवीसाठी सरकारी रक्तपेढीत ११०० आणि इतर रक्तपेढ्यांत १५५० रुपये अशी कमाल मर्यादा सुधारून दिली. एचआयव्ही, ब व क प्रकारची कावीळ, उपदंश आणि हिवताप यांच्या तपासण्या, घटकांचे विभाजन, शीतसाठवण, तंत्रज्ञांचे वेतन हा खर्च खरोखरच होतो. रक्तपेढ्या फुकटच्या रक्तावर गबर होतात हा सरसकट आरोप न्याय्य नव्हे. पण दिवसाला तीनशे रुपये मिळवणाऱ्या शेतमजुराच्या घरी बाळंतपणात वा अपघातात तीन पिशव्या लागल्या, तर खाजगी दराने ४६५० रुपये होतात. ही पंधरा दिवसांहून अधिक काळाची मजुरी झाली, तीही कमावता माणूस कामावर खाडा करून रुग्णालयाच्या ओसरीत बसलेला असताना. अशा घराचे एका कार्डाने दीड हजार रुपये वाचत असतील तर ते वाचवलेच पाहिजेत. त्यामुळे दानाचे पावित्र्य भंगते असे मानणारे शुद्धतावादी स्वतःच्या विम्याचा हप्ता बहुधा न चुकता भरत असतात.

प्रश्न दुसराच आहे. दात्याला समाजाने कृतज्ञतेपोटी सवलत देणे वेगळे आणि रक्त मिळण्याचा अधिकारच मुळात दानाच्या जमाखात्यावर अवलंबून ठेवणे वेगळे. पहिल्यात सौजन्य आहे, दुसऱ्यात सावकारी. कारण रक्त देऊ शकणारे आणि रक्ताची गरज असणारे हे दोन वर्ग एक नाहीत. दाता होण्यास वय किमान १८ वर्षे, वजन किमान ४५ किलो आणि रक्तातील हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅम असावे लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. आणि तेथे गर्भवती नसलेल्या स्त्रीसाठी रक्तक्षयाची रेषा १२ ग्रॅमवरच आखलेली आहे. म्हणजे अर्ध्याहून अधिक स्त्रिया शिबिराच्या पहिल्याच टेबलावरून परत फिरणार. बाळंतपणात रक्तस्राव झाला तर जिवावर बेतते ते त्यांच्याच. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पोटभर अन्न मिळाले नाही, त्यांनी रक्ताचे खाते आधी भरून ठेवावे, ही अपेक्षा करणारा हिशेब कोणत्या वहीतला म्हणायचा?

थॅलेसेमियाग्रस्त मुलाचे गणित याहून कठोर आहे. त्याला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. बापाने नियमाने दर तीन महिन्यांनी रक्त दिले तरी वर्षाकाठी चारच पिशव्या जमा होतात. जमाखर्चाच्या न्यायाने असे मूल जन्मभर कर्जातच राहील. म्हणूनच थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलियाच्या रुग्णांना शुल्क माफ केले गेले आणि २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयातील प्रसूतीसाठी रक्त मोफत ठरवले. गरज हाच निकष, हे तत्त्व शासनाने येथे मान्य केले आहे. पण सरकारी पेढीत पिशवी शिल्लक नसली की नातेवाइकाच्या हाती चिठ्ठी देऊन त्याला बाहेर पिटाळले जाते, आणि तेथे तत्त्व संपून दरपत्रक सुरू होते.

चीनचा अनुभव या बाबतीत डोळसपणे पाहण्याजोगा आहे. १९९० च्या दशकात हेनान प्रांतात गरीब शेतकऱ्यांकडून रक्तद्रव विकत घेण्याच्या धंद्यातून एचआयव्हीची लागण खेडोपाडी पसरली. १ ऑक्टोबर १९९८ पासून अमलात आलेल्या रक्तदान कायद्याने विनामोबदला दान हा पाया ठरवला आणि दात्याला पुढे स्वतःला रक्त लागल्यास संकलन, साठवण, विभाजन व तपासणीचा खर्च माफ केला. जोडीदार व निकटच्या नातलगांना प्रांतिक नियमांनुसार माफी वा सूट देण्याची तरतूदही केली. इथवर सारे योग्यच होते. परंतु रुग्णाच्या आप्तांनी व सहकाऱ्यांनी त्याच्यासाठी रक्त द्यावे, या ‘परस्परसाहाय्या’लाही त्याच कायद्यात उत्तेजन होते. टंचाईच्या दिवसांत या उत्तेजनाची अट बनली, आणि ज्यांना कोणी देणारे नव्हते त्यांच्यासाठी पैसे घेऊन ‘नातलग’ पुरवणारे दलाल रुग्णालयांच्या दारात उभे राहिले. अखेर २०१८ साली ही पद्धत देशभर थांबवावी लागली. समाजवादाचे नाव घेणाऱ्या राज्यातही रक्ताला अट जोडताच बाजार परतून आला.

भारताने याबाबत कोणाला हसण्याचे कारण नाही. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिलेल्या निकालानुसार १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदात्यांवर बंदी आली. तथापि ‘आधी बदली दाता आणा’ ही अट रुग्णालयांत जिवंत राहिली, आणि परगावाहून आलेल्या एकाकी रुग्णाच्या मावसभावाचे सोंग घेऊन रक्त विकणाराही तिच्या आडोशाने टिकून राहिला.

रिचर्ड टिटमस या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द गिफ्ट रिलेशनशिप’ या ग्रंथात अमेरिकेतील विकतच्या आणि बदलीच्या रक्ताची तुलना ब्रिटनमधील दानाशी केली होती. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत दात्याच्या नावावर काहीही जमा होत नाही. कारण तसे जमा करण्याची गरजच तेथे उरत नाही. दात्याला आणि कधीही रक्त न दिलेल्याला पिशवी सारखीच, विनाशुल्क मिळते. खर्च करांतून भागतो. कार्डाची उपयुक्तता म्हणजे सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेच्या अपुरेपणाची मोजपट्टी होय.

तोवर कार्ड टाकाऊ समजू नये. उलट शिबिरे भरविणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्याकडे गांभीर्याने पाहावयास हवे. अनेक ठिकाणी शिबिराची कार्डे दात्यांना न देता आयोजकांच्याच खणात राहतात आणि मग ‘साहेबांच्या चिठ्ठीवर’ गरजूंना वाटली जातात. ज्याचे रक्त त्याचे श्रेय नाही, आणि ज्याची गरज त्याचा हक्क नाही. मध्येच एक उपकारकर्ता उपजतो. पुढाऱ्याच्या वाढदिवशी शेकडो पिशव्या गोळा करायच्या आणि मे महिन्यात महाविद्यालये ओस पडली की टंचाईच्या बातम्या वाचायच्या, हाही त्याच वृत्तीचा भाग. तांबड्या पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात, बिंबिका अवघे पाच दिवस. रक्ताला जयंती कळत नाही.

शिबिर ठरवतानाच रक्तपेढीकडून कार्डाच्या अटी मराठीत लेखी घ्याव्यात, त्या मंडपात लावाव्यात आणि प्रत्येक कार्ड दात्याच्याच हाती पडेल हे पाहावे. ज्या दात्यांना स्वतःसाठी सवलत नको असेल त्यांची कार्डे, रक्तपेढीची मान्यता घेऊन, सरकारी रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकाकडे सोपवता येतील. बदली दात्याची सक्ती झाल्यास रुग्णाच्या नातलगाला घेऊन राज्य रक्त संक्रमण परिषदेकडे लेखी तक्रार करावी. आणि प्रक्रियेचा खर्च अंदाजपत्रकातून करून प्रत्येक रक्तपेढीतील प्रत्येक पिशवी रुग्णाला विनामूल्य द्यावी, ही मागणी घेऊन जिल्हा रुग्णालयांवर जाण्यास मे महिन्याइतका योग्य महिना दुसरा नाही. जाताना शिबिराची नावनोंदणीही सोबत न्यावी.