पोळा फुटला, पावलं सुटली

पोळ्याची अमावास्या सरते, मिरवलेले बैल गोठ्यात परततात आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद प्रतिपदेला, आपल्या भंडारा जिल्ह्यात लहानग्यांचा तान्हा पोळा भरतो. तुमसर-मोहाडीपासून पवनी-लाखांदूरपर्यंत, रोवणी आटोपून हिरव्या झालेल्या बांध्यांच्या कडेने वसलेल्या गावांत चाकांवरचे लाकडी नंदी सजून तोरणाखाली रांगेत उभे राहतात. झडत्या म्हटल्या जातात, महादेवाचा गजर होतो, पोळा फुटतो आणि डफड्याच्या ठेक्यावर ही चिमुकली पावलं दोरी ओढत घरोघरी बोजारा मागायला निघतात.

या लेकरांकडे आज कौतुकाच्या पलीकडे जाऊन पाहावं. दोरी ताणायची, पण नंदी कलंडू द्यायचा नाही. खडबडीत वाटेवर वेग आवरायचा. पुढचा थांबला की आपणही थांबायचं. गजराला हात उंचावायचा आणि तरी तोल राखायचा. कवायतीच्या कोणत्याही तासात मागून सहज मिळणार नाही इतकं काम चार वर्षांचं शरीर हसत करतं, कारण ठेका त्याच्या आधी चालत असतो. पुढचं पाऊल केव्हा टाकायचं हे कानाला अगोदर कळतं, मग पाय त्याच्यामागे येतात. एका पायावर उडी मारणं साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास जमू लागतं. आलटून-पालटून पाय बदलत उड्या मारत जाणं त्यानंतरचं. ही कौशल्यं वयाबरोबर उमलतात, पण ती पक्की होतात वापराने.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान १८० मिनिटांची हालचाल सांगितली, त्यातली ६० मिनिटं दमसास वाढवणारी. आपल्या अंगणात, बोडीच्या पाळीवर वाढलेल्या पिढ्यांना हा हिशेब कधी करावा लागला नाही. आज दारापुढे सिमेंटचा रस्ता आणि त्यावर वाहनं आहेत, घरात मोबाइल आहे. म्हणून तो हिशेब आपल्याला करावा लागतो.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे त्या आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ कोसबाडला गेल्या. मुलाच्या अवतीभवती जे आहे त्यातूनच त्याचं शिक्षण घडवावं, हा त्यांचा आग्रह होता. १९७५ पासून एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून अंगणवाडी गावोगावी पोचली, पण पोषण आहार, वजन, लसीकरण आणि नोंदवह्या सांभाळता सांभाळता सेविकाताईंच्या हाती गाण्याला उरतो तो थोडासा वेळ, आणि ते गाणंही बहुधा बसून, हातवारे करून म्हटलं जातं. त्यांना दोष देणं अन्यायाचं होईल. मुलं आपली आहेत, तर ढोलकीही आपणच पोचवायला हवी. दंडार गाजवणाऱ्या या झाडीपट्टीत ठेका धरणाऱ्या हातांची वाण नाही. भजनी मंडळातल्या एखाद्या आजोबांनी आठवड्यातून दोन सकाळी अंगणवाडीत बसावं, ठेका मध्येच थांबवावा, मुलांनी जागच्या जागी उभं राहावं, पुन्हा सुरू करावा, संथ, मग जलद.

भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसेल. कोजागिरीपर्यंत महिनाभर टिपऱ्या आणि फेर. उजवा हात डावीकडे, डावा उजवीकडे, आणि पाय गोलात. यंदा त्या फेरात अंगणवाडीतल्या मुलांनाही घ्यावं. पंधरवडा हाताशी आहे, तेवढ्यात ग्रामपंचायतीने अंगणवाडीपुढच्या चिखलावर मुरूम पसरून जागा सारखी करून घ्यावी.