पंखा बदलण्यापूर्वी

जुन्या मोटारीच्या रेडिएटरमागे फिरणारा पंखा हा तिच्यातील सर्वांत साधा आणि बॉनेट उघडताच नजरेस पडणारा भाग असल्याने, गाडी तापू लागली की पहिला ठपका त्याच्यावरच येतो. बेळगाव-निपाणी पट्ट्यात जिवापाड जपलेल्या अँबॅसडर, फियाट आणि जीप गाड्यांसाठी एक उपाय हमखास सुचवला जातो, तो म्हणजे मूळचा पंखा काढून टाकून मारुती ८००सारख्या नंतरच्या गाडीचा विजेवर चालणारा पंखा बसवणे. हा बदल मुळात चुकीचा नाही. चुकतो तो त्याचा क्रम आणि पुष्कळदा त्याची रीतही, कारण जो उपाय सर्वांत शेवटी करायचा तो सर्वांत आधी केला जातो आणि त्यापायी गाडीवर अशा जखमा होतात की त्या पुढे भरून काढता येत नाहीत.

पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते तिच्यातील जेमतेम पाव हिस्सा जुन्या इंजिनात चाके फिरवण्याच्या कामी येतो, मोठा वाटा सायलेन्सरवाटे धुराबरोबर निघून जातो आणि जवळजवळ तेवढाच वाटा इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याला उचलावा लागतो. हे पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून उतरते, नळ्यांना जोडलेल्या पातळ पत्र्यांच्या पापुद्र्यांमधून वारा जातो आणि पाण्याची उष्णता तो वारा घेऊन जातो. गाडी ताशी साठ-सत्तर किलोमीटर वेगाने धावत असेल तर समोरून येणारा वारा त्यासाठी पुरेसा असतो. पंख्याची खरी गरज गाडी रेंगाळते तेव्हा लागते, आणि मूळच्या पंख्याची अडचण नेमकी तेथेच आहे, कारण तो फॅन बेल्टने इंजिनाशी जोडलेला असल्याने इंजिन मंदावले की तोही मंदावतो.

या अडचणीमागचा नियम सीमाभागातील शेतकऱ्याला विहिरीवरच्या पंपामुळे अनुभवाने ठाऊक असतो. फिरत्या पात्यांचा पंप असो वा पंखा, फेरे दुप्पट झाले की प्रवाह दुप्पट होतो, दाब चौपट होतो आणि लागणारी शक्ती आठपट होते. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत उभे असताना पंखा जेवढा वारा ओढतो त्याच्या चौपट वारा तो ३२०० फेऱ्यांवर ओढतो, पण त्यासाठी इंजिनाची चौसष्टपट शक्ती खातो, आणि तीही अशा वेळी की जेव्हा समोरून मोफत वारा मिळतच असतो. गरज असते तेव्हा कमी आणि गरज नसते तेव्हा जास्त, असा हा उलटा व्यवहार आहे. विजेचा पंखा इंजिनाच्या फेऱ्यांपासून मोकळा असल्याने या व्यवहारातून सुटका करतो, हे त्याच्या बाजूचे सर्वांत सबळ कारण होय. मारुती ८००मध्ये तो आला तो काही चैन म्हणून नव्हे. इंजिन आडवे बसवल्यामुळे त्याच्या दांड्याचे तोंड रेडिएटरकडे राहिले नाही आणि बेल्टवरचा पंखा रेडिएटरसमोर आणणे अवघड झाले.

या भागाचा भूगोलही गाडीला फारसा दयाळू नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने तेथे उघडे पाणी १०० ऐवजी सुमारे ९७ ते ९८ अंशांना उकळते आणि हवा सुमारे सात टक्क्यांनी विरळ असल्याने तेवढ्याच फेऱ्यांत पंखा कमी वजनाची हवा ओढतो. निपाणीहून दक्षिणेकडे निघताच तवंदी घाटाचा चढ लागतो आणि बेळगावच्या अलीकडे वंटमुरीचा. चढावर इंजिनावरचा भार जास्त आणि गाडीचा वेग कमी, त्यामुळे दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढणारी गाडी सर्वाधिक उष्णता निर्माण करते आणि तिला समोरून वारा मात्र कमी मिळतो. तेवढीच कठीण परीक्षा सपाटीवर होते, मग ती कोगनोळीच्या टोलनाक्यावरची रांग असो किंवा वैशाखातील शिवजयंतीच्या चित्ररथांमुळे तुंबलेले बेळगावचे रस्ते असोत. निपाणीपासून चाळीसेक किलोमीटरवरील कोल्हापुरात छत्रपती घराण्याची १९३०च्या दशकातील मेबॅक दसऱ्याच्या सोहळ्यासाठी बाहेर निघते तेव्हा तिला पाहायला गर्दी लोटते; अशा माणसाच्या चालीने चालणाऱ्या मिरवणुका प्रेक्षकांना शोभेच्या वाटतात, पण जुन्या इंजिनाला त्या घाटाइतक्याच जड जातात.

ज्या गाड्यांबद्दल हे बोलले जाते त्यांचा मूळ आराखडाही या हवामानासाठी झाला नव्हता. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात १९५४पासून जी फियाट ११०० तयार होऊ लागली ती तूरिनची, आणि अँबॅसडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतली ती इंग्लंडमधील ऑक्सफर्डजवळच्या काउलीची. तरीही या गाड्यांनी चार-पाच दशके दख्खनचे उन्हाळे काढले, हे विसरता कामा नये. त्या नव्या असताना मूळच्या पंख्यावर टॅक्सी म्हणूनही चालल्या, मग आजच त्या का उकळतात, हा प्रश्न पंखा बदलण्यापूर्वी विचारला गेला पाहिजे.

त्याचे उत्तर बहुतेक वेळा रेडिएटरच्या पोटात असते. वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी भरल्याने नळ्यांत क्षारांची पुटे चढतात आणि रेडिएटर ‘चोक’ होतो. वरून कितीही वारा घातला तरी ज्या नळीतून पाणीच वाहत नाही तिची उष्णता निघणार कशी? त्यावरचा जुना उपाय म्हणजे रॉडिंग, ज्यात रेडिएटरची वरची आणि खालची टाकी झाळ काढून सोडवतात, प्रत्येक नळीतून पातळ सळई फिरवतात आणि टाक्या पुन्हा झाळून बसवतात. दुसरे कारण रेडिएटरच्या झाकणात असते. हे झाकण आत दाब धरून ठेवते आणि पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवते. चार पौंडी झाकण तो सहा-सात अंशांनी वर नेते, पण त्याचे रबर सुकले की तो लाभ जातो. नव्या गाडीचे तेरा पौंडी झाकण लावून तो भरून काढण्याचा मोह मात्र टाळावा, कारण पितळ-तांब्याच्या जुन्या झाळी एवढ्या दाबासाठी केलेल्या नसतात. तिसरी चूक थर्मोस्टॅट काढून फेकण्याची आहे. पाणी ठरावीक तापमानाला पोहोचेपर्यंत त्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी ही झडप उष्ण प्रदेशात निरुपयोगी आहे असा समज खोलवर रुजला आहे; प्रत्यक्षात ती नसल्यास इंजिन महामार्गावर थंड राहून झिजते, आणि काही इंजिनांत तर पाण्याचा एक भाग रेडिएटरकडे न जाता आतल्या आतच फिरत राहतो. यांच्या जोडीला फॅन काऊल, म्हणजे पंख्याभोवतीचे पत्र्याचे कडे, पाहावे. ते हरवलेले असेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आपल्याच भोवतीची गरम हवा घुसळत बसतो. फियाटच्या बाबतीत ही तपासणी अधिक तातडीची ठरते, कारण तिचे हेड ॲल्युमिनियमचे आहे आणि एकदा गाडी जोरात तापली की ते वाकते व गॅस्केट उडते.

एवढे सारे करूनही गाडी रांगेत तापत असेल तर विजेचा पंखा अवश्य बसवावा. तो बसवताना विजेचा हिशेब मात्र नीट मांडावा लागतो. असा पंखा सहज दहा अँपिअर आणि सुरू होण्याच्या क्षणी त्याहून अधिक प्रवाह घेतो. जुन्या डायनॅमोची पूर्ण क्षमता वीसेक अँपिअरची असते आणि इंजिन हळू फिरत असताना तो जवळजवळ काहीच देत नाही. रात्री दिवे लावून उभ्या असलेल्या गाडीत त्यामुळे पंखा बॅटरीवरच चालतो आणि तापण्याचा प्रश्न सुटून गाडी सुरू न होण्याचा प्रश्न उभा राहतो, म्हणून अल्टरनेटर नसेल तर हा बदल अर्धवटच म्हणावा लागेल. रिले, म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारी कळ, स्वतंत्र फ्यूज आणि पाण्याच्या तापमानावर आपोआप चालू-बंद होणारा स्विच या तीन गोष्टींत काटकसर करू नये. ज्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक अर्थिंगला जोडलेले असते त्यांत नेहमीच्या सवयीने तारा जोडल्या तर पंखा उलटा फिरतो आणि समोरच्या वाऱ्याशीच झुंजतो. सर्वांत वाईट प्रकार म्हणजे प्लास्टिकच्या पट्ट्या रेडिएटरच्या पापुद्र्यांतून आरपार ओवून पंखा लटकवणे. हादऱ्यांनी त्या पट्ट्या नळ्या कापतात आणि ज्याला वाचवायचे तोच भाग गळू लागतो.

कायद्याचीही या बाबतीत दखल घ्यावी लागते. केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात पद्मिनी हे नाव घेतलेल्या गाड्या आता या मर्यादेपर्यंत पोहोचल्या आहेत. बोल्ट सोडवताच निघणारा पंखा मूळ स्वरूप बिघडवतो असे मानणे न्याय्य ठरणार नाही, परंतु वॉटर पंपाची मूळ पुली कापून किंवा पुढचा पत्रा छिद्रे पाडून सडवून टाकल्यावर त्याच न्यायाची अपेक्षाही धरता येणार नाही. त्यामुळे परत फिरवता येणारा बदल हीच या कामातील कसोटी असली पाहिजे.

ही कसोटी पाळण्याचे कौशल्य या भागाबाहेर शोधण्याची गरज नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावातच सायकलींचे दुकान काढले आणि लोखंडी नांगराच्या कामालाही येथेच हात घातला. १९१० साली त्यांना किर्लोस्करवाडीला जावे लागले तरी यंत्राची जाण मागे उरली, आणि आज बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्र्या व मशीनशॉप तिच्यावरच उभी आहेत. रेडिएटरच्या मूळ बोल्टांवरच बसणारी पंख्याची चौकट किंवा हरवलेल्या काऊलची मापाबरहुकूम प्रतिकृती करणे तेथे अवघड नाही. धोक्यात आहे ते झाळकाम. नव्या गाड्यांचे ॲल्युमिनियम-प्लास्टिकचे रेडिएटर दुरुस्त न करता फेकले जात असल्याने रॉडिंग करणाऱ्या कारागिराकडे काम उरत नाही, आणि त्याच्या भट्टीशेजारी शिकायला मुलगा बसत नाही. निपाणीचा गाडीमालक आज कोल्हापूर किंवा बेळगाव गाठून हे काम करून घेऊ शकतो. त्याने ते या उन्हाळ्यापूर्वी करून घ्यावे, कारागिराला पूर्ण मोबदला द्यावा, आणि पंखा बदलावाच लागला तर जुना पंखा भंगारात न घालता त्याच्या चार बोल्टांसह तेलाच्या फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवावा.