चप्पल स्टँडवर बंदूक ठेवता येत नाही!

दक्षिणेच्या सहलीत मराठी माणसाचं कुंभकोणम सहसा चुकत नाही. तंजावरपासून जेमतेम चाळीस किलोमीटरवर, कावेरीच्या काठी वसलेलं हे देवळांचं गाव. तंजावरच्या भोसले राजांनी या मुलखावर पावणेदोनशे वर्षं राज्य केलं. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचं दिवाणपद भूषवणारे सर टी. माधवराव हे तंजावरी मराठी घराण्यातले. त्यांचा जन्म १८२८ साली याच गावात झाला. आदिकुंभेश्वर, सारंगपाणी, महामहमचा विस्तीर्ण तलाव, आसपासची नवग्रहांची देवळं आणि पितळेच्या वाटी-पेल्यातली फेसाळ डिग्री कॉफी. चार दिवस कसे जातात कळत नाही.

अशा सहलीला काय काय घ्यावं याच्या याद्या पुष्कळ छापून येतात. औषधं, टोपी, छत्री, देवळात नेसायला धोतर. काय घेऊ नये त्या यादीत मात्र एक वस्तू कुणी लिहीत नाही. ती म्हणजे घरातलं परवान्याचं रिव्हॉल्व्हर.

वाचून हसू येईल. पण शेतावर एकटं घर असलेले बागायतदार, रोकड हाताळणारे पंपमालक, बांधकाम व्यावसायिक, निवृत्त लष्करी अधिकारी, अशा अनेकांकडे रीतसर परवान्याची शस्त्रं असतात. रात्रीचा प्रवास, बरोबर बायकामुलं, अंगावर दागिने. मग 'असू दे डिकीत, परवाना आहे ना!' असं म्हणून ते बॅगेत जातं. पुढे रिसॉर्टचं फाटक येतं, मुलांच्या हट्टाखातर एखादं थीम पार्क येतं, देवळाचं गोपुर येतं. आणि मग खरा प्रश्न उभा राहतो: आता याचं करायचं काय?

परवाना कुठवर चालतो?

बहुतेकांचा समज असा, की परवाना म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्ससारखा. एकदा मिळाला की काश्मीर ते कन्याकुमारी कुठेही चालतो. तसं नाही. शस्त्रपरवान्यावर तो कोणत्या क्षेत्रात वैध आहे ते लिहिलेलं असतं. कुणाचा जिल्ह्यापुरता असतो, कुणाचा राज्यापुरता. संपूर्ण भारतासाठीची वैधता सरसकट मिळत नाही.

समजा, कोल्हापूरहून एक कुटुंब स्वतःच्या गाडीने निघालं. साहेबांचा परवाना महाराष्ट्रापुरता. कागल मागे पडलं की कर्नाटक लागलं, म्हणजे पहिल्या तासाभरातच परवान्याची हद्द संपली. बंगळूरनंतर अत्तिबेले ओलांडून होसूरला आलं की तमिळनाडू. कुंभकोणमला मुक्काम झाला आणि दुसऱ्या दिवशी नवग्रहांची फेरी सुरू झाली. सूर्यनारकोइल झालं, कंजनूर झालं, आलंगुडी झालं. मग शनीच्या दर्शनाला तिरुनल्लार. हे तिरुनल्लार तमिळनाडूत नाही. ते कारैकल जिल्ह्यात, म्हणजे पुदुच्चेरी या केंद्रशासित प्रदेशात आहे! रस्त्यात कुठे गाव बदलल्याचंही फारसं जाणवत नाही, पण कायद्याच्या दृष्टीने आणखी एक सीमा ओलांडली गेली. ज्याचा परवाना तमिळनाडूपुरता आहे, असा कुंभकोणमचा रहिवासीसुद्धा इथे अडचणीत येऊ शकतो.

अडचण म्हणजे किती? परवान्याच्या अटी मोडल्या तर १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मात्र वैध परवान्याविना शस्त्र बाळगल्याचं कलम लागलं तर प्रकरण फार वर जातं. २०१९ च्या दुरुस्तीपासून त्या गुन्ह्याला साधारणपणे किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची सजा आहे. कोणतं कलम लागायचं हे त्या वेळचे पोलीस आणि पुढे कोर्ट ठरवणार. हे सगळं परमुलखात, परभाषेत आणि मुलांच्या सुट्टीत.

झाकून नेलं तर?

२०१६ च्या शस्त्र नियमांनी सार्वजनिक जागी शस्त्र कसं न्यावं हेही सांगून ठेवलं आहे. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर म्यानात किंवा तत्सम पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि नेणाऱ्याच्या पूर्ण ताब्यात असलं पाहिजे. ते काढून मिरवणं किंवा सार्वजनिक जागी बार उडवणं याला सक्त मनाई आहे. तलावाकाठी उभं राहून कमरेचं पिस्तूल दिसेल असा फोटो काढण्याची हौससुद्धा परवान्यावर बेतू शकते.

बरं, नियमाप्रमाणे झाकून नेलं, वैधताही भारतभर आहे, तर रिसॉर्टवाल्याने आत सोडलंच पाहिजे का? मुळीच नाही. परवाना देतं ते सरकार. तो शस्त्र बाळगण्याची मुभा देतो, दुसऱ्याच्या घरात ते घेऊन शिरण्याचा हक्क देत नाही. हॉटेल, रिसॉर्ट, करमणुकीचं उद्यान या खासगी जागा आहेत आणि त्यांचे मालक प्रवेशाच्या अटी घालू शकतात. २००८ साली २६ नोव्हेंबरला मुंबईत हॉटेलांवर हल्ला झाला. त्यानंतर मोठ्या हॉटेलांच्या दारात सामान तपासणारी यंत्रं आली. खोली आगाऊ घेतली आहे, पैसे भरले आहेत, एवढ्यावर तिथे वाद घालता येत नाही.

मग यजमान म्हणतो, 'द्या इकडे, आमच्या लॉकरमध्ये ठेवतो.' ही सोय दिसते तितकी सरळ नाही. ज्याला ते शस्त्र ताब्यात ठेवण्याचा कायदेशीर अधिकार नाही, त्याच्या हाती ते सोपवणं हाच कलम २९ खाली गुन्हा ठरू शकतो. लॉकरची किल्ली ज्या मॅनेजरकडे, तोही गोत्यात येतो. देवळाबाहेर चप्पल स्टँडवर चपला ठेवून बिल्ला घेता येतो, बंदूक ठेवता येत नाही! मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये तमिळनाडूच्या देवळांत मोबाइल नेण्यावर बंदी आणण्याचे आदेश दिले. जिथे फोन बाहेर ठेवावा लागतो तिथे रिव्हॉल्व्हरचं काय, हे वेगळं सांगायला नको.

उरला तिसरा मार्ग, गाडीतच ठेवणं. उन्हात चार-पाच तास उभी असलेली परगावची गाडी चोराला लांबूनच ओळखू येते. तिची काच फोडून बॅग गेली तर आपले कपडे जातील. रिव्हॉल्व्हर मात्र एखाद्या गुन्हेगाराच्या हाती पोचेल आणि त्यावरचा नंबर आपल्या परवान्यातला असेल. थोडक्यात, आत नेता येत नाही, दारात देता येत नाही, गाडीत ठेवता येत नाही.

आजीला सापडलेलं पिस्तूल

अमेरिकेत बंदूक बाळगण्याचा हक्क राज्यघटनेत आहे. पण तिथल्या करमणुकीच्या उद्यानांची पद्धत पाहण्यासारखी आहे. मे २०१३ मध्ये फ्लोरिडातल्या डिस्नेच्या 'अॅनिमल किंगडम'मध्ये एक आजी आपल्या नातवाबरोबर 'डायनोसॉर' नावाच्या पाळण्यात बसायला गेल्या. बसायच्या जागेवर त्यांना एक पिस्तूल सापडलं. खेळण्यातलं नव्हे. खरं आणि गोळ्या भरलेलं! आधीच्या फेरीत धक्के बसताना एका पाहुण्याचं ते पडलं होतं. त्याच्याकडे शस्त्र जवळ बाळगण्याचा रीतसर परवाना होता. डिस्नेमध्ये शस्त्र आणायला बंदी आहे हेच आपल्याला ठाऊक नव्हतं, असं त्याचं म्हणणं होतं.

हा माणूस ना गुन्हेगार होता, ना माथेफिरू. आपल्या बागायतदारासारखाच संसारी माणूस. ते पिस्तूल आजीच्या आधी नातवाच्या हाती लागलं असतं तर? डिसेंबर २०१५ मध्ये डिस्ने, युनिव्हर्सल आणि सीवर्ल्ड या तिन्ही बड्या उद्यानांनी फ्लोरिडात दारावर धातुशोधक यंत्रं बसवली. डिस्नेने तर खेळण्यातल्या बंदुकाही आत आणायला आणि विकायला बंद केल्या. गर्दीत खरी कुठली आणि खोटी कुठली हे पाहायला कुणाकडे वेळ असतो? आपल्याकडेही मुलाचं दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल बॅगेत राहून गेलं तर विमानतळावर ते हातातल्या सामानातून नेता येत नाही.

एक बार आणि हजार पाय

'पण साहेब जबाबदार आहेत, ते कशाला बार उडवतील?' हा शेवटचा युक्तिवाद. जबाबदार माणसाच्या हातूनच अपघात होतात, हे लग्नाच्या हॉलमध्ये किती वेळा दिसलं आहे. ३ डिसेंबर २०१६ रोजी पंजाबात भटिंडा जिल्ह्यातल्या मौर मंडी इथे लग्नसमारंभात आनंदाच्या भरात झाडलेली गोळी व्यासपीठावर नाचणाऱ्या तरुणीला लागली आणि ती जागीच गेली. २०१९ च्या दुरुस्तीत यासाठी स्वतंत्र तरतूद आली. आनंदाच्या भरात किंवा बेपर्वाईने गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुणाला गोळी लागली नाही तरीसुद्धा.

आणि गोळी कुणाला लागलीच पाहिजे असंही नाही. कुंभकोणमचं महामहम दर बारा वर्षांनी येतं, आपल्याकडच्या सिंहस्थासारखं. १८ फेब्रुवारी १९९२ रोजी महामहम तलावावर लाखोंची गर्दी लोटली होती. तत्कालीन मुख्यमंत्री जयललिताही स्नानाला आल्या होत्या. त्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली आणि पन्नासच्या आसपास माणसं प्राणाला मुकली. त्या दिवशी तिथे ना स्फोट झाला होता, ना गोळीबार. जानेवारी २००५ मध्ये आपल्या मांढरदेवीच्या यात्रेत अडीचशेहून अधिक भाविक गेले, तेही अशाच चेंगराचेंगरीने आणि आगीने. गर्दीला पळायला नुसती हूल पुरते. अशा ठिकाणी चुकून सुटलेल्या एका बाराचा आवाज काय करील, याचा विचारच केलेला बरा. गोळी एकालाच लागेल, पण हजारो पाय एकाच वेळी धावतील.

म्हणूनच स्वसंरक्षणासाठी घेतलेलं शस्त्र गर्दीच्या जागी कुणाचंच संरक्षण करत नाही. शेतावरच्या एकट्या घरात त्याचा काही उपयोग असेलही. पोहण्याच्या तलावाशी, पाळण्यात, देवळाच्या रांगेत ते फक्त एक जोखीम असतं. ते सतत सांभाळावं लागतं, म्हणजे सुट्टीवर गेलेला माणूस सुट्टीवर जातच नाही. पोहायला उतरायचं तर ते कुणाकडे द्यायचं? रात्री खोलीत उशीखाली ठेवायचं, तर मुलं सकाळी आपल्याआधी उठतात.

निघण्यापूर्वी

घर आठ-दहा दिवस बंद राहणार असेल आणि शस्त्र मागे ठेवायची धास्ती वाटत असेल, तर ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे सुरक्षित ठेवीसाठी देता येतं. निवडणुकीच्या काळात पोलिसांच्या सांगण्यावरून अनेक जण तसं करतातच. पावती मात्र न विसरता घ्यावी.

नेमबाजीची स्पर्धा किंवा तसंच काही कारण असेल आणि शस्त्र न्यावंच लागणार असेल, तर परवान्यावरचं क्षेत्र आधी वाचावं. ते पुरेसं नसेल तर परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे वेळेवर अर्ज करावा. मुक्कामाच्या जागेला फोन करून त्यांचा नियम विचारावा आणि होकार लेखी घ्यावा. विमानाने जाताना शस्त्र जवळ ठेवता येत नाही. विमान कंपनीला आधी कळवून, गोळ्या काढून, ते सामानाबरोबर रीतसर द्यावं लागतं.

आणखी एक, बॅग रिकामी करून झटकून पाहावी. शिकारीच्या किंवा सरावाच्या जुन्या बॅगेच्या कप्प्यात राहिलेलं एखादं काडतूस विमानतळाच्या यंत्रात दिसतं आणि मग धावपळ होते. शस्त्र 'जाणीवपूर्वक' ताब्यात असायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली गुणवंतलाल खटल्यात म्हटलं आहे. त्या आधाराने विसरभोळ्या प्रवाशाची सुटका होऊ शकते. पण तोवर त्रिचीचं विमान गेलेलं असतं आणि वकिलाची फी सुरू झालेली असते.

घरातल्या गृहिणीने बॅगा भरताना हा एक प्रश्न मोकळेपणाने विचारावा: 'अहो, ते कपाटात आहे ना? किल्ली कुठाय?' त्यात भित्रेपणा नाही. बारा वर्षांच्या हिशेबाने पुढचं महामहम २०२८ साली येतं. अनेक मराठी कुटुंबं तेव्हा कुंभकोणमची वाट धरतील. त्या तलावाच्या पायऱ्यांवर शेजारचा माणूस आपल्याला अगदी खेटून उभा असेल. आपण मोकळ्या हातांनी आलो आहोत, एवढा भरवसा त्याला आपल्याकडून मिळाला पाहिजे.