आठव्या महिन्याचे भय

“सातव्या महिन्याचे मूल जगते, आठव्याचे जगत नाही,” हे बोल कानी न पडलेली गरोदर स्त्री आपल्या गावांत विरळाच. ही समजूत फार पुरातन आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिस याच्या नावावर चालत आलेल्या ग्रंथसंग्रहात आठव्या महिन्याच्या मुलाविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. आपल्या चरकसंहितेतही या महिन्यात ओज आई व गर्भ यांच्यामध्ये अस्थिर असते, असे सांगून त्या वेळची प्रसूती अनिष्ट मानली आहे. अशा जुन्या समजुतीची थट्टा करण्याचे प्रयोजन नाही. तथापि एका रोगात ती आईच्या जिवावर बेतू शकते, म्हणून तिचा विचार करणे अगत्याचे आहे.

त्या रोगास डॉक्टर प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. गरोदरपणाचे २० आठवडे उलटल्यावर रक्तदाब १४० वर ९० किंवा त्याहून अधिक चढतो, आणि बहुधा लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. दाब १६० वर ११० पर्यंत पोचला, अथवा यकृत, मूत्रपिंड वा मेंदू यांस बाधा होऊ लागली, म्हणजे रोग तीव्र झाला असे समजावे. मग झटके येऊ शकतात, आणि त्यांत आई व बाळ या दोघांचेही प्राण धोक्यात येतात.

पूर्वी ही रक्तातील विषबाधा आहे असे मानीत. परंतु तसले विष कधी सापडले नाही. दोषाचे मूळ वारेशी आहे. वारेला रक्त पुरविणाऱ्या गर्भाशयातील वाहिन्या आरंभीच्या महिन्यांत पुरेशा रुंदावल्या नाहीत, तर वारेची उपासमार होते. अशी वार आईच्या रक्तात काही द्रव्ये सोडते व त्यांमुळे सर्वांगातील रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते. औषधांनी दाब उतरतो, झटकेही टळतात. पण वार बाहेर पडल्यावाचून रोगाचे मूळ जात नाही.

खरा पेच येथेच आहे. आईचे हित लवकर मोकळे होण्यात, तर बाळाचे हित आणखी काही दिवस उदरात राहण्यात. या दोहोंचा मेळ घालताना डॉक्टर ३४ व्या आठवड्याची सीमा धरतात, आणि हा आठवडा नेमका आठव्या महिन्यातच पडतो!

या सीमेच्या आधी उद्भवणारा रोग विरळा, पण अधिक दुष्ट असतो. त्यात बाळाची वाढ खुंटण्याचा संभव मोठा, आणि त्याची फुप्फुसेही कच्ची असतात. अशा वेळी थांबावे काय? १९९४ साली अमेरिकेतील मेम्फिस येथील डॉक्टरांनी २८ ते ३२ आठवड्यांच्या गरोदर स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णालयात देखरेखीखाली थांबलेल्या स्त्रियांना सरासरी सुमारे १५ दिवस अधिक लाभले, आणि त्यांची बाळे अधिक वजनाची निपजली. परंतु २०१३ साली लॅटिन अमेरिकेतील २६४ स्त्रियांवरील अभ्यासात थांबल्याने बालमृत्यू घटले नाहीत, उलट वार अकाली सुटण्याचे प्रसंग वाढले. तात्पर्य, थांबणे हे घरी करण्याचे काम नव्हे. जेथे आईची व बाळाची रात्रंदिवस तपासणी होते, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाची सोय आहे, अशा मोठ्या रुग्णालयातच ते शक्य आहे.

तेथे मिळालेले दोन दिवसही मोलाचे ठरतात. आईला स्टिरॉइडची इंजेक्शने दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर पक्व होतात, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स व हाउवी या डॉक्टरांनी १९७२ साली दाखविले. मॅग्नेशियम सल्फेटने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे ३३ देशांतील सुमारे १०,००० स्त्रियांवरील अभ्यासाने २००२ साली सिद्ध झाले.

३४ आठवडे पूर्ण झाल्यावर मात्र रोग तीव्र असेल, तर आईची प्रकृती सावरून प्रसूती करणे हेच श्रेयस्कर मानले जाते. रोग सौम्य असला तरी ३७ आठवड्यांनंतर थांबू नये. अशा प्रसंगी “आठवा महिना आहे, नववा लागू द्या,” असा आग्रह घरच्यांनी धरणे घातक होय. बाळाचे बळ आठवड्यागणिक वाढते. ३४ आठवड्यांचे मूल ३० आठवड्यांच्या मुलाहून निःसंशय सबळ असते. आठवा महिना सातव्याहून वाईट, या म्हणण्यास आधार नाही.

आता घरातील वडीलधाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी वा काजवे, चेहऱ्यावर व हातांवर एकाएकी सूज, लघवी कमी होणे, बरगड्यांखाली उजवीकडे किंवा मध्यभागी दुखणे ही धोक्याची चिन्हे होत. या दुखण्यास पित्त समजून सुंठ-साखर देत बसू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून तत्काळ रुग्णालय गाठावे. कित्येकदा कोणतेही चिन्ह नसताना दाब चढलेला असतो, म्हणून प्रत्येक तपासणीत तो मोजून घ्यावा. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी केंद्रांतून गरोदर स्त्रियांची तपासणी विनामूल्य होते, तिचा लाभ घ्यावा.

पहिलटकरीण, जुळे असलेली, मधुमेह वा जुना रक्तदाब असलेली, किंवा मागील खेपेस हाच रोग झालेली स्त्री यांनी तिसऱ्या महिन्यातच डॉक्टरांना भेटावे. योग्य स्त्रीला त्या सुमारास अल्प प्रमाणात अ‍ॅस्पिरिन सुरू केल्यास दिवस भरण्यापूर्वी उद्भवणारा हा रोग पुष्कळ टळतो, असे २०१७ सालच्या अभ्यासात आढळले. मात्र ती गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये.

आणि बाळ सुखरूप झाले म्हणजे सर्व संपले असे मानू नये. प्रसूतीनंतरही, विशेषतः पहिल्या दोन दिवसांत, झटके येऊ शकतात. क्वचित काही आठवड्यांनीही येतात. बारशाच्या गडबडीत बाळंतिणीचे डोके दुखत असेल, तर आधी तिचा रक्तदाब पाहावा. बारसे चार दिवस पुढे गेले तरी चालेल.