पहिली मोटारसायकल: सीसीआधी वजन पाहा

बारावीचा निकाल, कॉलेजचा प्रवेश, पहिली नोकरी किंवा दसऱ्याचा मुहूर्त, निमित्त कुठलेही असो, घरात पहिल्या मोटारसायकलचा विषय निघाला की वाद ठरलेला. मुलाला रस्त्यावर उठून दिसणारी गाडी हवी असते, वडील ॲव्हरेज आणि हप्ता बघतात, आईच्या मते गाडी घ्यायलाच नको. तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून हा निर्णय शोरूममधल्या झगमगाटात न घेता घरी बसून, नीट विचार करून घ्यायला हवा.

कायद्याची याबाबत फारशी मदत होत नाही. अठरा वर्षे पूर्ण झाली, शिकाऊ लायसन्सवर तीस दिवस गेले आणि आरटीओच्या मैदानावर आठचा आकडा नीट काढला की गिअरच्या दुचाकीचे पक्के लायसन्स हाती येते. परीक्षा मित्राच्या शंभर सीसीच्या गाडीवर दिलेली असली, तरी त्याच लायसन्सवर दुसऱ्या दिवशी चारशे सीसीची गाडी रस्त्यावर काढता येते. युरोपीय संघात यासाठी पायऱ्या आहेत: आधी १२५ सीसी आणि ११ किलोवॅटपर्यंतची गाडी, मग ३५ किलोवॅटपर्यंतची, आणि त्यावर दोन वर्षे काढल्यानंतर कुठलीही. आपल्याकडे २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. अशा देशात या पायऱ्या कायद्यानेच यायला हव्यात. त्या येईपर्यंत प्रत्येक घराला त्या स्वतःच आखाव्या लागतील.

लहान गाडीची बाजू भक्कम आहे. स्प्लेंडरसारख्या शंभर सीसीच्या गाडीचे वजन ११० किलोच्या आसपास आणि ताकद आठ पीएसच्या आसपास असते. क्लच झटक्यात सुटला, तर ती उसळी मारण्याऐवजी बहुधा बंद पडते. नवशिक्याचे पहिले महिने अशाच चुकांत जातात. चढावर सिग्नलला थांबताना, अरुंद गल्लीत गाडी वळवताना, खडीवर पाय टेकताना तोल जातो, आणि तेव्हा गाडी जितकी हलकी तितका पाय वाचतो. सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात, मिस्त्री कुठेही भेटतो, विकताना भावही बरा येतो.

पण लहान गाडी म्हणजे सुरक्षित गाडी, हे घरोघरी धरलेले गृहीतक तपासायला हवे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक झाले. त्याखालच्या गाड्यांना सीबीएस पुरेसे मानले गेले. सीबीएस ब्रेकचा जोर दोन्ही चाकांत वाटून देते, मात्र चाक लॉक होणे थांबवत नाही. ते काम एबीएसचे. समोर अचानक कुणी आले की घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबणे ही नव्या चालकाची अगदी स्वाभाविक चूक आहे. पहिल्या पावसात तेलकट झालेल्या डांबरावर ती चूक थेट जमिनीवर आणते. म्हणजे ज्याला या मदतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच आपण बहुतेक वेळा ती नसलेली गाडी घेऊन देतो. रस्त्याचाही प्रश्न आहे. कारखान्यांच्या हंगामात दुपदरी राज्यमार्गावर, मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली ओलांडताना, मागे माणूस बसलेली आठ पीएसची गाडी समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूला नको तितका वेळ रेंगाळते.

मोठ्या गाडीच्या बाजूने बोलणारे नेमके हेच मुद्दे मांडतात: चांगले ब्रेक, रुंद टायर, महामार्गावरची स्थिरता. दोन वर्षांत गाडी बदलण्याचा तोटा नको, असेही ते म्हणतात. मनासारखी गाडी असेल तर माणूस तिची निगा राखतो आणि सरावही आवडीने करतो, हा त्यांचा मुद्दाही आम्हाला पटतो. तरी ‘मोठी’ म्हणजे नेमके काय, हे आधी ठरवले पाहिजे. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घ्या. तिची ताकद सुमारे २० पीएस, म्हणजे तशी सौम्यच. पण वजन १९५ किलो. केटीएमची ३९० ड्यूक तिच्याहून हलकी, पण ताकद दुपटीहून जास्त. सीसीचे आकडे जवळजवळचे, धोके मात्र वेगळे. पहिली थांबलेली असताना अंगावर कलंडते, दुसरी जरा मूठ पिळली की हाताबाहेर जाते. म्हणून टाकीवरच्या आकड्याआधी वजन आणि ताकद या दोन गोष्टी बघाव्यात.

पैशांचा हिशेबही बदलला आहे. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांना ४० टक्के लागला. वाचलेल्या पैशांत एक पायरी वरची गाडी घेण्याचा मोह होईल. ते पैसे आयएसआय शिक्क्याच्या, डोक्याला घट्ट बसणाऱ्या दोन हेल्मेटांवर, हातमोज्यांवर आणि घोटा झाकणाऱ्या बुटांवर आधी खर्च व्हावेत. मागे बसणाऱ्यालाही डोके असते.

जुनी गाडी घेणे हा शिकण्यासाठी उत्तम मार्ग आहे, कारण ती पडली तर जीव कमी हळहळतो. मात्र एप्रिल २०१९ च्या आधीच्या अनेक गाड्यांना एबीएस नाही. आरसीवर कर्जाचा बोजा आहे का, विमा चालू आहे का, हे बघून फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय व्यवहार पुरा समजू नये.

हे सगळे तोलून आमचे मत असे: बहुतेक नव्या चालकांसाठी १२५ ते १६० सीसीमधली, पुढे डिस्क आणि एबीएस असलेली, दीडशे किलोच्या आतबाहेरची गाडी योग्य. घर ते कॉलेज किंवा शेत एवढीच धाव असेल, तर शंभर सीसीची गाडीही पुरेशी आहे, फक्त ब्रेकचा सराव मोकळ्या मैदानावर आधी करावा. रोज महामार्गावर जाणाऱ्या, अंगाने दणकट माणसाने साडेतीनशेचा विचार करायला हरकत नाही. त्यापुढच्या ताकदीची गाडी पहिली दोन वर्षे नकोच. मुलीला गिअरची गाडी हवी असेल, तर तिला स्कूटरकडे वळवू नये. कसोटी सर्वांना सारखीच लावावी.

ती कसोटी शोरूममध्येच घेता येते. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का? इंजिन बंद ठेवून गाडी चढावर मागे ढकलता येते का? मागे घरचे कुणी बसवून हळू वेगात वळवता येते का? या तिन्हींची उत्तरे होय आली, तर रंग आणि मॉडेल मुलांना ठरवू द्यावे. एका जरी प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले, तर विक्रेता कितीही सूट देवो, मुहूर्त टळला तरी चालेल, पण ती गाडी घेऊ नये.